आर-टू डी-टूची पूर्णाकृती प्रतिकृती : निळा रंग, घुमट आणि पावसाळा

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

सर्वांना नमस्कार.

१९७७ सालच्या पहिल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील आर-टू डी-टू या यंत्रमानवाची पूर्णाकृती प्रतिकृती मी घरी बांधत आहे. उंची सुमारे १०९ सेंटीमीटर आणि घुमटाचा व्यास सुमारे ४६ सेंटीमीटर, अशी जी मापे हौशी मंडळींमध्ये रूढ आहेत, तीच मी धरली आहेत. आतला सांगाडा प्लायचा असून धडाचे कवच ३ मिलिमीटर सनबोर्डचे (फुगवलेल्या पीव्हीसी प्लास्टिकची हलकी फळी) दोन थर एकावर एक वाकवून, चिकटवून केले आहे. पायांना एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) आणि सनबोर्ड वापरला आहे. घोट्याजवळचे आणि खांद्याचे नक्षीदार भाग थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापून घेतले आहेत. घुमट अजून व्हायचा आहे. यंत्रमानवाला मोटर बसवून चालवण्याचा विचार सध्या नाही. तीन पायांवर, धड १८ अंश मागे कललेले, अशा त्याच्या परिचित स्थितीत तो दिवाणखान्यात उभा राहावा आणि परिसरातल्या मुलांनी येऊन त्याला हात लावून पाहावे, एवढीच इच्छा आहे.

अडचण रंगाची आहे. रंगाच्या दुकानातून निळ्याच्या निरनिराळ्या छटा आणून सनबोर्डच्या तुकड्यांवर मारून पाहिल्या, पण त्यांतील एकही छटा चित्रपटातल्या निळ्यासारखी वाटत नाही. एका छायाचित्रात तो गडद शाईसारखा दिसतो, दुसऱ्यात जांभळ्याकडे झुकतो, आणि अंतराळातील लढाईच्या दृश्यांत तर जवळजवळ काळाच दिसतो. मूळ रंग कोणता मानावा? दुसरे असे की घुमट प्लास्टिकमध्ये छापून चंदेरी रंगवला तर चालेल का, की धातूचाच करावा? आणि तिसरे, सध्या आमच्याकडे पाऊस सुरू आहे. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, कॉम्प्रेसर आणि साधी स्प्रे गन मिळू शकते. अशा हवेत काम सुरू करावे का, आणि कोणते रोगण वापरावे? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : पत्रेकाम (पुणे)

नमस्कार. आपले बांधकाम योग्य मार्गाने चालले आहे. मात्र रंगाचा प्रश्न आपण दुकानातल्या छटांच्या तक्त्यावर सोडवू पाहत आहात, आणि तिथे तो सुटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आर-टूचा निळा हा एका डब्यातला रंग नव्हे. खाली उघडा ॲल्युमिनियम आणि त्यावर पारदर्शक निळा लेप, अशी ती रचना आहे. प्रकाश लेपातून आत जातो, धातूवर आपटतो आणि पुन्हा निळ्यातूनच बाहेर येतो. त्यामुळे दिव्याची दिशा बदलली, कॅमेऱ्याचा कोन बदलला, की तोच भाग कधी उजळ निळा, कधी जांभळट, तर सावलीत अगदी गडद दिसतो. आपल्याला छायाचित्रांत जो गोंधळ दिसला, तोच खरे तर या रंगाचा स्वभाव आहे. अपारदर्शक निळा कितीही अचूक जुळवला, तरी तो एका दिव्याखाली जुळेल आणि दुसऱ्याखाली परका वाटेल.

म्हणून रंगाआधी खालचा पृष्ठभाग ठरवावा लागतो. आपल्या धडाचे कवच सनबोर्डचे आहे, ते तसेच राहू द्या. फक्त जी पॅनेले निळी होणार आहेत, तेवढीच ०.५ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापा. धड हे लांबट नळकांडे आहे, म्हणजे वक्रता एकाच दिशेने आहे, आणि एवढा पातळ पत्रा हाताने गोल नळीवर दाबूनही त्या वळणात बसतो. ही पॅनेले यंत्रमानवावर चिकटवण्यापूर्वीच रंगवायची, हे महत्त्वाचे. पांढरे धड वेगळे रंगवले, निळी पॅनेले वेगळी रंगवली, आणि शेवटी ती आपापल्या जागी बसवली, तर पॅनेलांच्या कडांपाशी मास्किंग टेप लावण्याची आणि टेपखालून रंग झिरपण्याची चिंताच उरत नाही. चिकटवण्यासाठी कडक होणारा इपॉक्सी नको. तापल्यावर पीव्हीसी ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, त्यामुळे थोडी लवचीक राहणारी न्यूट्रल सिलिकॉन किंवा तत्सम पेस्ट वापरा.

पारदर्शक निळ्याची एक अट फार कठोर आहे. प्रत्येक हातागणिक तो गडद होत जातो. दोन फटकारे जिथे एकमेकांवर चढतात तिथे पट्टा उठतो, आणि साध्या रंगाप्रमाणे पुढच्या हाताने तो झाकला जात नाही. म्हणून धडाची, पायांची आणि घुमटाची सगळी निळी पॅनेले एकाच मोठ्या फळीवर शेजारी शेजारी लावावीत, आणि एकाच बैठकीत, एकाच अंतरावरून, सर्वांवर सारखेच हात मारावेत. आज पाच पॅनेले आणि पुढच्या रविवारी उरलेली, असे केले तर ती एकमेकांशेजारी आल्यावर फरक लगेच नजरेत भरतो. शेजारी पत्र्याचे तीन-चार निरुपयोगी तुकडे ठेवून त्यांवर आधी एक, दोन, तीन, चार हातांचे नमुने करून घ्या, आणि ते नमुने दिवसा खिडकीत व रात्री दिव्याखाली दोन्ही वेळा पाहून किती हात द्यायचे ते ठरवा.

पत्रा रंगवण्यापूर्वी बारीक तंतूच्या पॅडने, म्हणजे भांडी घासण्याच्या हिरव्या पॅडपेक्षा बारीक अशा औद्योगिक पॅडने, एकाच दिशेत घासून घ्यावा. धातूला घट्ट धरणारा नेहमीचा एच (etch) प्रायमर इथे वापरता येत नाही, कारण तो अपारदर्शक असल्यामुळे धातूच झाकून टाकतो. त्याऐवजी घासलेला पत्रा अल्कोहोलने पुसून, बोटांचे ठसे न उमटू देता, धातूसाठीचा पारदर्शक चिकट-लेप द्यावा, मग पारदर्शक निळा, आणि शेवटी अतिनील किरणांना अडवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा थर टाळू नका. अशा रोगणांतील निळा बहुधा डायचा असतो आणि उन्हात तो फिका पडतो.

आता घुमट. माझे उत्तर धातूचाच, असे आहे, आणि कारण पुन्हा तेच आहे. घुमटावरची निळी पॅनेले दोन्ही दिशांनी वक्र आहेत, त्यामुळे सपाट पत्रा तिथे सुरकुत्या पडल्याशिवाय बसणार नाही. यावर अनेक वर्षे वापरात असलेला उपाय असा की दोन घुमट करायचे, एकात एक बसणारे. बाहेरचा ॲल्युमिनियमचा, त्यातून पॅनेले कापून काढायची, ती रंगवायची, आणि आतल्या घुमटाच्या आधाराने त्याच खिडक्यांत परत बसवायची. पात्याच्या जाडीइतकी जी फट पडते, तीच पॅनेलाभोवतीची काळी रेघ बनते. ॲल्युमिनियमची भांडी, दिव्यांच्या छत्र्या किंवा वाद्यांचे कवच करणारे जे स्पिनिंगवाले असतात, ते लाकडी साचा देऊन फिरत्या चकतीवर दाबाने असा घुमट काढून देऊ शकतात. पुण्या-मुंबईत अशा कार्यशाळा आहेत, आणि सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या आपल्या नाशकातही चौकशी केल्यास मिळावी. साच्याचे चित्र देताना एक लक्षात ठेवा : आर-टूचा घुमट म्हणजे नुसता अर्धगोल नाही. खाली सरळ उभ्या भिंतीचा एक पट्टा आहे, आणि मागच्या दिव्यांची खिडकी व खालची लहान पॅनेले त्या पट्ट्यावर येतात. तो पट्टा विसरला तर डोके बसके दिसते. स्पिनिंगमध्ये पत्रा ताणला जाऊन बाजूंना पातळ होतो, म्हणून सुरुवातीची जाडी दीड ते दोन मिलिमीटर मागावी.

उत्तर : रंगशाळा (कोल्हापूर)

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून फक्त रोगण, हवा आणि सुरक्षितता यांविषयी लिहितो.

पावसाळ्यात अंतिम रंग मारू नये. एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे आपण ज्याला ड्युको म्हणतो त्या रोगणातला थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, आणि हवेतला ओलावा त्यावर बसून रंगावर दुधाळ धूसरपणा येतो. रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरने तो काहीसा आवरता येतो, पण आषाढ-श्रावणातल्या हवेत त्यावर विसंबू नये. पीयू (पॉलियुरेथेन) रोगणाचा दोष वेगळा : त्यातील हार्डनरची पाण्याशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. तेव्हा दसऱ्यापर्यंत थांबणेच शहाणपणाचे. पावसाळा वाया मात्र जात नाही, कारण या कामात खरा वेळ पुट्टी आणि घासणे यांतच जातो. पीएलएच्या छापील भागांवरच्या रेघा हाय-बिल्ड प्रायमरशिवाय जात नाहीत. १२० नंबरने सुरुवात करून २२०, ४०० आणि शेवटी ८००चा वॉटर पेपर, असा क्रम ठेवा. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात व फुगतात, म्हणून एमडीएफवर वॉटर पेपर पाण्याने कधीही चालवू नये, आणि कडांना सँडिंग सीलरचे दोन-तीन हात आधीच द्यावेत. तीव्र थिनरने सनबोर्डचा पृष्ठभाग मऊ पडतो, त्यामुळे त्यावर पहिला हात अगदी हलका, जवळजवळ कोरडा उडवा आणि तो सुकू द्या.

पांढऱ्यासाठी दोन घटकांचा पीयू, अर्धचमक, हे माझे मत. मुले हात लावणार आहेत, तेव्हा पुसता येणारा आणि नखाने न ओरखडणारा थर हवा.

आता जे लिहितो ते कृपया गांभीर्याने घ्या. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की नंतर अगदी थोड्या प्रमाणातही त्रास होतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काहीच उपयोगाचा नाही. कारखान्यात यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. गच्चीच्या शेडमध्ये, शेजारी घरे आणि खाली मुले असताना, पीयूची फवारणी करू नये. प्रायमर आणि पारदर्शक निळा आपण घरी, मोकळ्या हवेत, सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क लावून मारू शकता. पांढरा पीयू आणि शेवटचा क्लिअर कोट एखाद्या गॅरेजच्या पेंट बूथमध्ये मारून घ्यावा. बूथवाल्याला मात्र आधीच निक्षून सांगा की भट्टी लावायची नाही. गाडी सुकवताना तिथे ६० अंशांच्या वर तापमान जाते, आणि पीएलए साधारण ६० अंशांनाच मऊ पडू लागते. सनबोर्डही त्या तापमानाला वाकतो. याच कारणाने तयार यंत्रमानव मे महिन्यात बंद गाडीत किंवा उघड्या गच्चीवर ठेवू नये.

उत्तर : पेणकर

धातूच्या घुमटाचा आग्रह मला तितकासा पटत नाही. स्पिनिंगसाठी एका नगाचा साचा करून घेणे महाग पडते, आणि एकच घुमट हवा असलेल्या गिऱ्हाइकाला कार्यशाळा सहसा प्राधान्य देत नाहीत. फायबरग्लासचा घुमट मात्र कोणताही मूर्तिकार प्लास्टरच्या साच्यातून काढून देईल. साचा गुळगुळीत असेल तर वर पुट्टी फारशी लागत नाही, आणि वजनही कमी राहते. त्याच मालिकेतला सोनेरी सी-थ्रीपीओ घडवतानाही फायबरग्लासचा मोठा वापर झाला होता, म्हणजे हे साहित्य या विषयाला परके नाही. चकचकीत काळ्या बेसवर बारीक दाण्याचा चंदेरी रंग मारला तर तीन-चार फुटांवरून तो धातूच वाटतो.

आपण स्वतः फायबरग्लास करणार असाल तर एक गोष्ट जिवावरची आहे. रेझिनमध्ये घालायचे कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट हे दोन द्रव कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. त्यांचा स्फोटक भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे, कॅटॅलिस्ट अगदी शेवटी, एक ते दोन टक्के, आणि दोन्हींसाठी मापे वेगळी ठेवावीत. तसेच साचा थर्माकोलचा असेल तर त्यावर टेप किंवा प्लास्टरचा थर हवाच, कारण पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवून टाकते.

प्रश्नकर्ता : गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. निळ्याची रचना आता समजली, आणि इतके दिवस छटा का जुळत नव्हत्या त्याचे कारणही. दोन शंका उरल्या. अंतराळातील दृश्यांमधला काळा रंग पारदर्शक लेपानेच येतो का, की तो निराळाच यंत्रमानव होता? आणि पॅनेले कापण्यासाठी लेझर कटिंगवाल्याकडे जावे, असा विचार आहे. सनबोर्डचे उरलेले भागही तिथेच कापून घेता येतील का?

उत्तर : लंडनवासी

काळ्या रंगाचे कारण रंगात नसून छायाचित्रणात आहे. ती दृश्ये निळ्या पडद्याच्या तंत्राने, म्हणजे मागचा निळा पडदा काढून तिथे दुसरे चित्र बसवून, जोडली गेली, आणि त्या तंत्रात पडद्याच्या जातीचा निळा वस्तूवर टिकत नाही. त्यामुळे विमानाच्या पाठीवर बसलेल्या आर-टूची पॅनेले त्या दृश्यांत काळी दिसतात. आपण ती दृश्ये संदर्भातून वगळावीत.

संदर्भ निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. पडद्यावरचा आर-टू एकच नव्हता. १९७६ साली ट्युनिशियात आणि लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत चित्रण झाले तेव्हा दोन पायांवर डुलणाऱ्या आर-टूच्या आत केनी बेकर हे १ मीटर १२ सेंटीमीटर उंचीचे नट असत, आणि तीन पायांवर धावणारा आर-टू दूरनियंत्रणावर चालणारा, वेगळा बांधलेला असे. पुढच्या चित्रपटांत आणखी नग बनले. प्रत्येकाच्या बारकाव्यांत फरक आहे. म्हणून एकच चित्रपट, आणि शक्यतो एकाच प्रसंगातली स्थिर चित्रे भिंतीवर लावून काम करावे. निरनिराळ्या ठिकाणचे तपशील एकत्र आणले की प्रत्येक भाग बरोबर असूनही संपूर्ण आकृती ओळखीची वाटत नाही.

मळाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पहिल्या चित्रपटातला आर-टू वाळवंटातून आलेला, वापरलेला दिसतो, आणि माझ्या मते त्याचे अर्धे व्यक्तिमत्त्व त्या मळात आहे. पांढरा पूर्ण सुकल्यानंतर पातळ केलेला तपकिरी-करडा ॲक्रिलिक रंग लावून, ओला असतानाच उभ्या दिशेने पुसून घ्यावा. पॅनेलांच्या कडांत, पावलांवर आणि धडाच्या खालच्या घेरावर तो जास्त राहू द्यावा, घुमटावर नाममात्र. चुकला तर ॲक्रिलिक ओल्या फडक्याने निघून येतो, आणि पीयूला काही होत नाही.

हौशी माणसाच्या हातचे काम कुठवर जाऊ शकते, हे या यंत्रमानवाच्या बाबतीत जगाने पाहिले आहे. ली टाउअर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स हे दोघे ब्रिटनमधले आर-टू बांधणारे हौशी गृहस्थ होते. २०१३ साली जर्मनीत एसेन इथे भरलेल्या चाहत्यांच्या संमेलनात त्यांचे यंत्रमानव निर्मात्या कॅथलीन केनेडी यांनी पाहिले, आणि २०१५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटासाठी आर-टू बांधण्याचे काम याच दोघांकडे आले. आपला यंत्रमानव घरासाठी आणि मुलांसाठी आहे, तो तसाच राहू द्यावा, असे मात्र सुचवतो. ही व्यक्तिरेखा हक्कांनी संरक्षित आहे. प्रतिकृती विकणे किंवा समारंभांना भाड्याने देणे टाळावे.

उत्तर : पत्रेकाम (पुणे)

लेझरविषयी ताबडतोब लिहितो, कारण ते महत्त्वाचे आहे. सनबोर्ड म्हणजे फुगवलेली पीव्हीसी. लेझरने ती कापली की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्राचे लोखंडी भाग व आरसेही खातो. जाणता लेझरवाला सनबोर्ड घेतच नाही. एखाद्याने घेतला तरी आपण देऊ नये. सनबोर्डसाठी सीएनसी राउटर (संगणकावर चालणारे कोरण्याचे यंत्र) किंवा धारदार कटर वापरावा. ०.५ मिलिमीटर ॲल्युमिनियम ॲक्रिलिक कापणाऱ्या लहान लेझरवर कापला जात नाही. त्यासाठी फायबर लेझर लागतो, जो पत्र्याची कामे करणाऱ्या कारखान्यांत असतो. तेवढ्यासाठी फेरी नको असेल तर पत्रकात्रीने थोडे मोठे कापून कानशीने रेषेवर आणावे. चौकोनी पॅनेलांना ते सहज जमते.

पेणकर यांच्या सूचनेबद्दल : आतला घुमट फायबरग्लासचा करावा, हे मला मान्य आहे, कारण तो दिसत नाही आणि त्याचे वजन कमी असलेलेच बरे. बाहेरच्या घुमटाबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे. तीन-चार फुटांवरून चंदेरी रंग धातूसारखा दिसतो हे खरे, पण हा यंत्रमानव मुलांनी हात लावण्यासाठी आहे, आणि मुले एका वितीवरून पाहतात. शिवाय चंदेरी रंगावर क्लिअर कोट चढवला की त्याची चमक उतरते, आणि न चढवला तर बोटांनी तो काळवंडतो. ॲल्युमिनियम काळवंडला तर पुन्हा घासता येतो. खर्च कमी करायचा असेल तर लाकडी साचा आपण स्वतः ओळखीच्या कातार्‍याकडून करून न्यावा; स्पिनिंगवाल्याच्या बिलात साच्याचाच वाटा मोठा असतो. साच्यासाठी सागाचे किंवा शिसवीचे वाळलेले लाकूड, थर चिकटवून, धाग्यांची दिशा आलटून-पालटून घ्यावे.

क्रम असा ठेवा. पावसाळ्यात पायांची आणि धडाची पुट्टी, घासणे व प्रायमर पुरे करा, कारण प्रायमरवर थोडे धूसर आले तरी ते पुढे घासले जाते. त्याच काळात साचा आणि घुमट होऊन येऊ द्या. निळी पॅनेले कापून, क्रमांक कोरून, जागच्या जागी कोरडी बसवून पाहा. पांढऱ्या रंगाचा थर चढल्यावर खिडक्या किंचित लहान होतात, म्हणून प्रत्येक कडेला अर्धा मिलिमीटर सैल ठेवा. दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाली की आधी पांढरा, मग एका बैठकीत सगळा निळा. पांढरा हाताला सुकलेला वाटला तरी पॅनेले बसवण्यापूर्वी त्याला पूर्ण आठवडा द्यावा. नमुन्याचे तुकडे झाले की त्यांची दिवसाची आणि रात्रीची छायाचित्रे इथे टाका, किती हात द्यायचे ते आपण सर्व मिळून पाहू.